पाठ केलेली गल्ली

लोकांना नावं ठेवण्यात सलूनवाल्या काकांचा हात धरणारा कुणी नव्हता. म्हणजे ते निंदा करायचे असं नाही, ते खरोखरीच नावं ठेवायचे. माणसाचं खरं नाव त्यांच्या लक्षात राहायचं नाही, पण एकदा डोकं हाताखालून गेलं की ते जन्मात विसरायचे नाहीत. मग कुणी 'तारेचा ब्रश' व्हायचा, कुणी 'अर्धचंद्र'. अर्धचंद्र पुढे मोठ्या कचेरीत साहेब झाला, गाडीतून यायला लागला, पण काकांच्या खुर्चीत बसला की पुन्हा अर्धचंद्रच. त्यालाही त्याचं काही वाटत नसावं, नाहीतर एवढ्या लांबून तो केस कापायला आला नसता.

त्यामुळे पाठीला पिशव्या लावलेली, गळ्यात कॅमेरा अडकवलेली ती तीन मुलं सलूनच्या पायरीशी येऊन उभी राहिली, तेव्हा काकांनी आधी त्यांची डोकी पाहून घेतली आणि मनातल्या मनात बारसं उरकून टाकलं. मुलीचे केस मुलासारखे बारीक कापलेले, ती बॉयकट. तिच्या शेजारी डोक्यावर अख्खं झुडूप वागवणारा, तो कुरळा. आणि कॅमेऱ्यावाल्याच्या टाळूवर दोन भोवरे होते, तेव्हा तो भोवरा.

तिघं डिझाईनच्या कॉलेजात शिकत होती. शहरातल्या एकेका वस्तीवर एकेक अंक, असं एक मॅगझिन ती काढत होती. या वेळी पाळी या गल्लीची.

"आमच्या गल्लीत काय आहे एवढं?" काका म्हणाले.

माणूस पाहुण्यासमोर स्वतःच्या लेकराबद्दल बोलतो ना, "कसलं काय, मठ्ठ आहे," तसलाच तो सूर होता. खरं तर काकांचा जीव त्या गल्लीत अडकला होता, आणि त्यांना ती सोडायची होती. उजव्या हाताला कंप सुटला होता. गिऱ्हाइकांची दाढी करणं त्यांनी आधीच बंद केलं होतं. कात्री अजून ऐकत होती, पण कधी ऐकणं बंद करेल त्याचा भरवसा नव्हता. दुसऱ्या शहरातून लेक रोज फोन करायची, "बाबा, पुरे आता. या इकडे." शेवटी ठरलं. महिना संपला की दुकान बंद, मागच्या दोन खोल्याही रिकाम्या करायच्या आणि लेकीकडे कायमचं जायचं. नवा भाडेकरू तिथे मोबाईलची कव्हरं विकणार होता. त्याला खुर्ची नको होती आणि आरसाही नको होता.

या आरशाबद्दल मात्र नीट सांगायला हवं. दुकान लांबट आणि अरुंद. समोर पूर्ण उघडणारी लाकडी घडीची दारं, आणि त्यांच्या बरोबर समोरच्या भिंतीवर हा आरसा, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. काकांच्या वडिलांनी बसवलेला. खुर्ची आरशाकडे तोंड करून. त्यामुळे खुर्चीत बसणाऱ्याला आधी स्वतःचं थोबाड दिसायचं आणि त्याच्या मागे अख्खी गल्ली. बेकरी, किल्ल्यावाल्याची टपरी, वरच्या मजल्यांवर जाणारा लोखंडी जिना, तिरका विजेचा खांब आणि या सगळ्यातून जाणारं येणारं माणूस न् माणूस.

गिऱ्हाईक थोडा वेळ बसायचं आणि उठून जायचं. काका मात्र तरुणपणापासून तिथेच उभे होते, गल्लीकडे पाठ करून.

सकाळी मागच्या खोलीतून दुकानात यायचं आणि दारं आतूनच ढकलायची. उजेड आत घुसायचा, आरसा एकदम भरून जायचा, आणि काकांना दर वेळी हात जोडावेसे वाटायचे. इतक्या वर्षांत एकदाही ते शिळं झालं नव्हतं. बेकरीचा धूर, जिन्यावर धडधडत उतरणारी पोरं, पिशवी सांभाळत जाणारी एखादी म्हातारी. हे सगळं आपल्या दुकानात येतं, तेही पाय न वाजवता, आणि आपल्याला नुसतं बघायला मिळतं, याचं त्यांना मनापासून नवल वाटायचं. ते काकूंना तसं सांगायचेही. काकू म्हणायच्या, "बघत बसा. कुणाचा तरी कान कापाल एक दिवस."

काकूंना आरशावर बोलायचा हक्क होता, कारण त्यांचं लग्नच त्या आरशानं जमवलं होतं. समोरच्या शिवणक्लासला एक मुलगी यायची. डाव्या गालावर ठसठशीत तीळ. पण काका तिला आरशातच बघायचे, तेव्हा त्यांच्या लेखी तीळ उजव्या गालावर. सगळा हिवाळा त्यांनी तिला आरशात पाहून काढला. मग एकदा ती धाकट्या भावाचे केस कापायला घेऊन दुकानात आली, समोरासमोर उभी राहिली, आणि या गृहस्थांच्या तोंडून पहिलं वाक्य काय निघावं? "तुमचा तीळ तिकडे होता ना?"

त्यावरून काकूंनी त्यांना आयुष्यभर छळलं. "यांना आवडली होती ती दुसरीच. माझ्याशी लग्न केलं नाइलाजानं. माझी सवत आहे त्या आरशात." पाहुणे आले की हा किस्सा व्हायचाच.

मुलं गल्लीत यायला लागली. कुरळा माणसांशी बोलायचा आणि पानं कशी लावायची ते ठरवायचा. भोवरा फोटो काढायचा. बॉयकट चित्रं काढायची. पहिल्याच दिवशी केस सारखे करायला ती खुर्चीत बसली, तेव्हा काकांनी मागे न वळताच हाक मारली, "या मास्तर, बसा. आज गुडघा जास्तच दुखतोय वाटतं." निवृत्त मास्तर तेव्हा जिन्याच्या शेवटच्या पायरीवर होते. मग काका बेकरीवाल्याला ओरडले, "अरे, तुझं मांजर आत गेलं!" आणि कात्री चालूच. बॉयकट आरशात बघतच राहिली. तिला स्वतःचं डोकं दिसेनासंच झालं.

"काका, तुम्ही वळून बघत नाही कधी?"

"कशाला वळू? सगळं इथंच येतं की."

त्या दिवसापासून ती रोज यायला लागली. पायरीवर बसून गल्लीचं चित्र काढायची. अंकाच्या मुखपृष्ठासाठी तिनं तेच ठरवलं होतं, सलूनच्या पायरीवरून दिसणारी गल्ली.

काकांनी एकदा धीर करून विचारलं. "पोरी, एक मागू का? या गल्लीचं एक चित्र मला दे. नाहीतर फोटो दे. लेकीच्या घरी भिंतीवर लावीन. दुसरं काही नको मला इथलं."

यात अवघड काय आहे, असं मुलांना वाटलं. दुसऱ्याच दिवशी भोवऱ्यानं उत्तमातला उत्तम फोटो मोठा करून आणला. काकांनी हात पुसले, चष्मा लावला, फोटो उजेडात धरला.

"छान आहे," ते म्हणाले. आणि मग बऱ्याच वेळानं, "पण ही आपली गल्ली नाही."

"काका, हीच आहे. ही बघा बेकरी. हा खांब."

"खांब आहे. पण हा पडायला आलेला खांब आहे. आपला खांब पडत नाही, तो टेकलेला असतो." हे आपण काय बोलतोय ते त्यांचं त्यांनाही कळत नव्हतं. भोवऱ्यानं आणखी फोटो आणले. सकाळचे, दुपारचे, रंगीत, काळे-पांढरे. काका प्रत्येक फोटो आदरानं बघायचे, छान म्हणायचे आणि परत द्यायचे. बॉयकटनं चित्र पुरं केलं आणि तेही दाखवलं. काय रेखीव काढलं होतं! जिन्याचा गज न् गज, बेकरीवाल्याच्या खांद्यावरचं फडकं, समोर जिन्याशी भाजी निवडत बसलेल्या काकूसुद्धा. काकांनी ते दोन्ही हातांत धरलं. उजवा हात थरथरत होता म्हणून चित्रही थरथरलं.

"सगळं आहे गं यात. पण मला ओळख लागत नाही."

पोरीचा चेहरा उतरला. काकू आतून कडाडल्या, "अहो, काय मेलं खुसपट काढताय! एवढ्या मायेनं काढलंय तिनं!" काका ओशाळले. पण खोटं बोलवेना.

आणि त्या दिवसापासून त्यांना भीती वाटायला लागली. खरीखुरी भीती, कुणाला सांगता येणार नाही अशी. सगळी म्हणतात ही आपली गल्ली, मग मलाच का परकी वाटते? हाताचं झालं तेच आता डोक्याचं व्हायला लागलं की काय? का आपण ही गल्ली कधी धड पाहिलीच नाही? आयुष्यभर जिच्याकडे पाठ करून उभे राहिलो, ती आता जाताना ओळख दाखवत नाही, यात नवल ते काय? एकदा भर दुपारी, गिऱ्हाईक नसताना, ते पायरीवर जाऊन उभे राहिले आणि गल्लीकडे तोंड करून बघत राहिले. या दारातून ते कधी गेले-आले नव्हते असं नाही, पण ते जाणं होतं, बघणं नव्हतं. आता बघायला उभे राहिले तर सगळं जागच्या जागी होतं आणि तरी ते पाहुण्यासारखे उभे होते. किल्ल्यावाल्यानं विचारलं, "काय काका, कुणाची वाट बघताय?" काका आत आले आणि आरशाकडे तोंड करून उभे राहिले, तेव्हा कुठे त्यांच्या जिवात जीव आला.

आता तुम्ही म्हणाल, एवढी साधी गोष्ट कुणाच्या लक्षात कशी आली नाही? नाही आली. माणसाला स्वतःचा चेहरा फोटोत विचित्र वाटतो, आरशात बरा वाटतो, हे आपल्या सगळ्यांना ठाऊक असतं. पण ते गल्लीच्या बाबतीत कुणाला सुचणार?

तिकडे कॉलेजात मुखपृष्ठाचं काम सुरू झालं. ते छापखान्यात छापायचं नव्हतं, हातानं ठसे उमटवायचे होते. रबरासारख्या मऊ फळीवर चित्र कोरायचं, त्यावर शाईचा रूळ फिरवायचा आणि वर कागद दाबायचा. यात एक ग्यानबाची मेख असते. ठशात जे डावीकडे, ते कागदावर उजवीकडे येतं. म्हणून कोरण्याआधी चित्र उलटवून घ्यायचं. हे बॉयकटला माहीत होतं आणि तिनं आठवणीनं उलटवलं. पण हे कुरळ्यालाही माहीत होतं, आणि त्यानंही तिला चित्राची प्रत काढून देताना आठवणीनं उलटवूनच दिली होती. बॉयकटनं इतक्या बारकाईनं ते काढलं होतं की आता तिला त्यातल्या रेघाच दिसत होत्या, डावं-उजवं दिसत नव्हतं. दोघांनी एकमेकांना काही सांगितलं नाही. दोघंही शहाणी, तिथेच घोटाळा झाला. पाट्यांवरची अक्षरं कोरायला कठीण म्हणून तिनं पाट्या कोऱ्याच ठेवल्या होत्या, त्यामुळे छापताना चूक ओरडून सांगायलाही कुणी नव्हतं. बॉयकट, कुरळा, भोवरा तिघांनी बाह्या सरसावून सगळे ठसे काढले, वाळवले, एकेका अंकाला शिवले आणि अंकांचा गठ्ठा घेऊन गल्लीत आली. अंक पहिल्यांदा गल्लीच्याच हातात द्यायचा, असं त्यांनी ठरवलं होतं.

पहिली प्रत बेकरीवाल्यानं घेतली. बघितली. मग त्यानं आपल्या बेकरीकडे बघितलं, पुन्हा अंकाकडे बघितलं.

"काय रे पोरांनो, माझी बेकरी तिकडच्या टोकाला कधी नेलीत? मला विचारायचं तरी!"

हशा पिकला. किल्ल्यावाला म्हणाला, "जिना पण पळालाय." कुणीतरी अंक खाली-वर करून बघितला. कुरळ्यानं बॉयकटकडे पाहिलं, बॉयकटनं कुरळ्याकडे, आणि दोघांच्याही तोंडचं पाणी पळालं.

"तू उलटवलं होतंस?"

"तू पण?"

कागद संपला होता. वेळही संपला होता. गल्ली हसत होती आणि तिचं हसणं दुष्ट नव्हतं, पण बॉयकटला ते कसं सहन व्हावं? पायरीवर बसून बसून तिनं जे काढलं होतं त्याची अशी चेष्टा झाली होती. ती गठ्ठा छातीशी धरून सरळ सलूनमध्ये शिरली, आरशाखालच्या फळीवर तो आदळला आणि तोंड फिरवून उभी राहिली. खुर्चीत मास्तर होते, अर्धं डोकं कापून झालेले.

"काय झालं गं?" काका म्हणाले.

"काही नाही. सगळं उलटं झालं. फेकून द्या ते."

काकांनी वरची प्रत उचलली.

कात्री त्यांच्या दुसऱ्या हातात होती. ती थांबली. मास्तरांना वाटलं, हाताचं काही झालं असेल. त्यांनी वर पाहिलं तर काकांचे डोळे भरून आले होते.

"ही," काका म्हणाले. "अगं, हीच."

"काय हीच?"

"हीच माझी गल्ली. हा खांब बघ, टेकलाय कसा आळशासारखा. जिन्यावरनं मास्तर असेच उतरतात, इकडून असे. अगं, ही बेकरी... इथंच तर असते ती!"

"काका, बेकरी तिकडे आहे. ही चूक आहे. हे सगळं उलटं आहे."

"उलटं नाही," काका हट्टानं म्हणाले. "मी काय वेडा आहे? रोज बघतो मी." आणि त्यांनी कात्रीच्या टोकानं समोर दाखवलं.

बॉयकटनं कात्रीच्या रोखानं आरशात पाहिलं. मग ती हळूच पुढे झाली, काकांच्या हातातली प्रत घेतली आणि आरशाच्या काचेला लावून धरली. कागदावर बेकरी उजव्या हाताला. काचेतही बेकरी उजव्या हाताला. कागदावरचा खांब, काचेतला खांब. जिन्याला जिना जुळत होता. एक रेघ इकडची तिकडे नव्हती. कोऱ्या पाट्यांच्या जागी काचेत उलटी अक्षरं होती, तेवढाच काय तो फरक. मागून आलेले कुरळा आणि भोवराही तिच्या खांद्यावरून आरशात बघायला लागले.

मास्तर खुर्चीत तसेच, अर्ध्या डोक्यानं, कापड गुंडाळून बसले होते. तेच आधी बोलले. "म्हणजे काका, तुम्ही गल्लीकडे पाठ करून उभे राहिलात आणि गल्लीच पाठ केलीत!"

काका खालच्या फळीला धरून उभे होते. त्यांना रडूही येत होतं आणि हसूही. डोकं शाबूत होतं. गल्ली हरवली नव्हती. आपण तिला पाहिलं नाही असं झालं नव्हतं, उलट इतकं पाहिलं होतं की बाकीच्यांना दिसते ती गल्लीच परकी होऊन बसली होती.

मग बातमी फुटली आणि गल्ली एकेक करून दुकानात यायला लागली. येणारा आरशाकडे तोंड करून काकांच्या जागी उभा राहायचा, हातात अंक धरायचा आणि काचेत बघायचा. बाहेर खो खो हसणारी माणसं आत देवळात आल्यासारखी उभी होती. बेकरीवाला सगळ्यात जास्त वेळ थांबला. त्यानं आपली बेकरी त्या बाजूनं कधी पाहिलीच नव्हती.

"एवढी वर्षं तू मला असा बघतोस होय रे?" तो हळू आवाजात म्हणाला. "बरा दिसतो की मी."

अंक तसाच वाटायचा ठरला. कुरळ्यानं मुखपृष्ठाच्या तळाशी पेनानं एकेक ओळ लिहायला घेतली: 'आमची गल्ली, सलूनमधून दिसते तशी.' बॉयकटनं काकांच्या प्रतीवर मात्र काहीच लिहिलं नाही. "तुम्हाला सांगायची गरज नाही," ती म्हणाली. आणि मग पायाशी वाकायच्या ऐवजी, काय वाटलं कुणास ठाऊक, तिनं काकांचा थरथरणारा हात दोन्ही हातांत धरून ठेवला. तो तिच्या हातात थरथरतच राहिला, आणि तिनं तो सोडला नाही.

सगळी गेल्यावर, मास्तरांचं उरलेलं अर्धं डोकंही मार्गी लावल्यावर, काकू आतून आल्या. खोलीत बोचकी बांधून बांधून त्यांची कंबर धरली होती. त्यांनी फळीवरची प्रत उचलली आणि नाक मुरडलं. "तुमची ही असेल. माझी नाही बाई. मी समोरून बघितलीय गल्ली, चार माणसांसारखी." मग सहज त्यांनी अंक छातीशी धरला आणि आरशात पाहिलं. उलटं चित्र आरशात पुन्हा उलटलं होतं आणि सरळ झालं होतं.

"अगं बाई! अहो, यात आली बघा माझी गल्ली. बेकरी बरोबर डावीकडे. हातातली तुमची, आरशातली माझी. बघा तरी!"

काका बघतच होते. पण गल्लीकडे नाही. आरशात काकू उभ्या होत्या, केस पांढरे झालेल्या, घामेजलेल्या, आणि त्यांच्या उजव्या गालावर ठसठशीत तीळ होता.

"कुठं बघताय?"

"तुझ्या सवतीकडे," काका म्हणाले. "खरं सांगू? रोज सकाळी दारं उघडायचो ना, ती हिच्यासाठी. ही दिसायची म्हणून."

आरशातल्या बाईच्या डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा काकूंनी पदर आपल्या डोळ्यांना लावला.

"मग सांगा तिला," त्या म्हणाल्या, "येणारच असशील आमच्याबरोबर, तर सामान बांधायला हात लाव म्हणावं. मी एकटी किती करू?"